पेवातला दिवा कोण विझवतो?

आमच्या हेडमास्तरांकडे काडेपेटी मागायला कोणी जात नसे. लढाईचे दिवस होते. काडेपेटी सहजासहजी मिळत नसे, आणि ज्या थोड्या घरांत ती हमखास असे त्यांत हेडमास्तरांचं घर होतं. तरीसुद्धा बायका चार घरं ओलांडून पलीकडून गोवरीवर निखारा घेऊन येत. हेडमास्तर काडेपेटी देत, पण लगेच देत नसत. ती हातात धरून ते विचारत, "ही काडी दगडावर घासली तर पेटेल का?" मागायला आलेली बाई पीठ मळून आलेली असे. तिला उत्तर नको असे, काडी हवी असे. "त्याचं असं आहे," हेडमास्तर म्हणत आणि पायरीवर बसून घेत. मग पेटीच्या कडेला काय फासलेलं असतं, काडीच्या डोक्यात काय असतं आणि ही दोघं एकमेकांना भेटली म्हणजे काय होतं, हे सगळं झाल्यावर तिच्या हातावर एक काडी पडे. तोवर तिचं कणकेचं भांडं मांजराने चाटलेलं असे.

नेवासा तालुक्यात, प्रवरेपासून थोडं आत हे गाव होतं. मी मॅट्रिक होऊन तिथल्या मराठी शाळेत दुय्यम शिक्षक म्हणून रुजू झालो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. आमच्या घरात अंगठ्याऐवजी सही करणारा मी पहिला. त्यामुळे शिकलेल्या माणसाबद्दल माझ्या मनात जो आदर होता, तो हेडमास्तरांना पुरून उरण्याइतका होता. पहिल्याच दिवशी मी त्यांना नमस्कार केला आणि म्हटलं, "आज फार उकडतंय." माझी हजेरी त्यांनी दुपारी लावली. तोपर्यंत घाम अंगाला गार का करतो हे मला समजलं होतं. मी जागच्या जागी उभा राहून घामाघूम झालो होतो, त्यामुळे पुरावाही हाताशी होता.

गावाने त्यांचं नाव 'त्याचंअसं गुरुजी' ठेवलं होतं. ते नाव त्यांच्या कानावर गेलं, तेव्हा माणसाला टोपणनावं का पडतात हे त्यांनी सांगितलं.

बारीक अंगाचे, धोतरावर बंद गळ्याचा कोट घालणारे गृहस्थ. कोटाच्या खिशात एक भिंग, लोहचुंबकाचा तुकडा आणि सुतळीचं गुंडाळं. "असंच असतं" एवढं वाक्य त्यांच्यासमोर बोलायची सोय नव्हती. आमचा शिपाई सावळा एकदा चुकून बोलला, की घागर नवी असली तर पाझरते, असंच असतं. त्याला मातीची छिद्रं भिंगातून बघावी लागली. "दिसली का?" हेडमास्तरांनी विचारलं. सावळा म्हणाला, "दिसली गुरुजी, लई दिसली." बाहेर आल्यावर मला म्हणाला, "मला माजाच डोळा दिसत हुता. पर न्हाई म्हनलो असतो तर घागर फोडून दाखवली असती त्यांनी."

शाळेचं घड्याळ उन्हाळ्यात मागे पडू लागलं. त्याच सुमारास तपासणीसाठी दिपोटी आले. डेप्युटी इन्स्पेक्टरांना सगळा तालुका दिपोटी म्हणे. त्यांनी आपल्या घड्याळाशी वेळ ताडून भुवया उंचावल्या. हेडमास्तरांना जणू सणच लागला. उन्हाने धातू कसा वाढतो, लंबकाची दांडी लांबली की तो कसा आळसावतो, आणि म्हणून नगर जिल्ह्यातलं कुठलंही प्रामाणिक घड्याळ चैत्र-वैशाखात मागेच पडलं पाहिजे, हे त्यांनी दिपोटींना इतकं सुरेख सांगितलं की ते स्वतःच्या घड्याळाकडे संशयाने पाहू लागले. तेवढ्यात सावळा स्टूल घेऊन आला. "तुमी सांगत व्हा गुरुजी," म्हणाला आणि त्याने घड्याळाचं दार उघडलं. लंबकाच्या मागे कुंभारमाशीने मातीचं चांगलं टपोरं घर बांधलं होतं. लंबक दर खेपेला त्याला घासून जात होता. दिपोटी हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हेडमास्तरांनी ते मातीचं घर तळहातावर घेतलं, भिंग काढलं आणि म्हणाले, "हे तर अधिकच चांगलं झालं. त्याचं असं आहे, ही माशी चिखल आणते तो..." दिपोटींची बैलगाडी त्या दिवशी फार उशिरा निघाली.

माझं जेवण त्यांच्याकडे असे. मी शेतकऱ्याचा मुलगा, ते घर भिक्षुकी सोडून मास्तरकीत आलेलं. पहिल्या दिवशी मी आपला ओसरीवर बसलो. हेडमास्तर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून काकूंना समजावू लागले, की माणसाच्या कातडीवर सूक्ष्म जंतू असतात, ते जात पाहून बसत नाहीत, सबब या मुलाने आत जेवायला शास्त्राची हरकत नाही. बोलणं बराच वेळ चाललं. शेवटी काकू म्हणाल्या, "अहो, जंतू नंतर मोजा. त्याचा पाट मांडून ताट वाढलंय, भात गार होतोय." मी आत गेलो तर खरंच पाट मांडलेला होता. हेडमास्तरांना हा आपल्या युक्तिवादाचा विजय वाटला. काकूंनी तो त्यांना वाटू दिला. त्या पाटावर मी तीन वर्षं जेवलो.

त्यांची पुष्कळशी कारणं बरोबर असत. कोणती, ते मला पुढे पुण्याला कॉलेजात कळलं आणि तेही परीक्षेत. मृगजळाचं त्यांनी सांगितलेलं कारण मी जसंच्या तसं लिहिलं, त्याबद्दल प्राध्यापकांनी शाबासकी दिली. शिंक म्हणजे मेंदूने उघडलेली खिडकी, हेही जसंच्या तसं लिहिलं होतं. ते त्यांनी वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. पण मी कॉलेजात होतो हेच हेडमास्तरांमुळे. अर्ज त्यांनी लिहिला, माझ्या वडिलांना बैलगाडीतून येऊन त्यांनी समजावलं. वडिलांनी होकार दिला तो पटला म्हणून, की गुरुजी उठावेत म्हणून, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

गावाचा बाजार मंगळवारी भरे. त्या दिवशी शाळा दुपारी सुटे आणि हेडमास्तर फळा बाहेर आणून ओट्यावर उभा करत. त्यावर एकच प्रश्न असे. 'मोटेचे चाक कुरकुरते का?' 'पाऊस नसता सकाळी गवत ओले का?' 'संक्रांतीला तीळच का?' बाजार उरकलेली माणसं लिंबाच्या सावलीत टेकत, आणि ज्यांच्या गाड्या जुंपायला वेळ असे ती ऐकत. हेडमास्तरांचा दोष एकच होता. त्यांना सुरुवात फार आवडे. तिळाच्या व्याख्यानात ते सूर्यापासून पृथ्वी कशी वेगळी होऊन थंड झाली इथून निघाले, आणि पृथ्वीवर गवत उगवलं तेव्हा लोक आपापल्या गाडीत बसले होते. तीळ काही त्या वर्षी उगवले नाहीत.

एका मंगळवारी फळ्यावर प्रश्न आला, 'पेवातला दिवा कोण विझवतो?' त्या दिवशी ओट्यासमोर जागा उरली नाही.

त्या भागात ज्वारी पेवात ठेवत. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. तोंडाशी एक माणूस जेमतेम उतरेल इतकं अरुंद, आत रांजणासारखं पोट सुटलेलं. ज्वारी भरायची, वर दगड ठेवून मातीने लिंपून टाकायचं. ते उघडायची एक रीत होती. दगड बाजूला करायचा, हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा, आरती म्हणायची आणि मग दोरीला बांधून तेलाचा दिवा आत सोडायचा. दिवा विझला तर पेवाची आई रागावली आहे, त्या दिवशी उतरायचं नाही. तेवत राहिला तर उतरणाऱ्याच्या काखेखालून दोर बांधायचा, आणि दोराचं टोक त्याच्या आईने किंवा बायकोने धरायचं. घरच्या बाईच्या हातात टोक असलं म्हणजे पेवाची आई माणूस ठेवून घेत नाही, असं म्हणत.

हेडमास्तरांचं ते व्याख्यान मी ऐकलेल्यांतलं सर्वांत उत्तम. दाणासुद्धा श्वास घेतो, कोंडून ठेवला तर आतली चांगली हवा तो संपवतो आणि खराब हवा सोडतो, हे त्यांनी सांगितलं तेव्हा माणसं चकित झाली. एक म्हातारा म्हणाला, "तरीच कनगीच्या खोलीत निजलं की मला धाप लागती." देवी नाही, कोप नाही, दिवा विझतो तो खराब हवेने, हे सगळ्यांना पटलं. मग हेडमास्तर हवेचा शोध कोणी कसा लावला याकडे वळले आणि तिथे रमले. नदीपलीकडच्या गाड्या जुंपल्या जाऊ लागल्या. कोणीतरी उठता उठता विचारलं, मग दोराचं काय? हेडमास्तरांनी उन्हाकडे पाहिलं. "दोराचं पुढच्या मंगळवारी," ते म्हणाले. "त्यात काही अर्थ असेल असं वाटत नाही, पण पाहतो." दिवा विझतो तिथे माणूसही गुदमरतो, हे सांगायचं राहून गेलं. ते बहुधा इतकं उघड होतं, की त्यांनी ते शेवटी ठेवलं होतं.

त्या गर्दीत पुढे खंडू बसला होता. तो हेडमास्तरांचा जुना विद्यार्थी, चौथी पास, त्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारा बहुधा एकटाच. नगरला लष्कराच्या छावणीत काही महिने मजुरी करून तो नुकताच परत आला होता, आणि येताना त्याने एक बॅटरी आणली होती. गावात ती पहिलीच. दिवसासुद्धा तो ती पेटवून दाखवी.

शनिवारी आमची शाळा भरली होती. सावळा धापा टाकत आला आणि खंडू पेवात पडल्याचं त्याने सांगितलं. हेडमास्तर हातातला खडू घेऊनच धावले. मी त्यांच्या मागे.

घडलं ते असं. घरातली ज्वारी संपली म्हणून खंडूची आई गयाबाई हिने पेव उघडायला काढलं. ती हळदकुंकवाचं ताट घेऊन बाहेर आली तोवर खंडूने दगड सरकवला होता आणि बॅटरी सुतळीला बांधून आत सोडलीही होती. गयाबाई म्हणाली, हे काय, दिवा कुठाय? खंडूने तिला समजावलं. देवी-बिवी कोणी नाही, गुरुजींनी सिद्ध केलंय. दिवा खराब हवेने विझतो. तेलाचा दिवा आहे तो, विझणारच. ही बॅटरी कशानेच विझत नाही, म्हणजे ही जास्त चांगली. बॅटरी खाली ज्वारीवर लख्ख जळत होती. गयाबाईने ताट खाली ठेवलं. पण दोराबद्दल गुरुजींनी अजून काही सांगितलेलं नव्हतं, हे तिला कळलं होतं. तेव्हा दोर तिने बांधायला लावला आणि टोक मनगटाला गुंडाळून घेतलं. खंडू हसत उतरला. खाली पाय टेकताच त्याचं बोलणं थांबलं.

आम्ही पोचलो तेव्हा गयाबाई पेवाच्या तोंडाशी पाय रोवून बसली होती. दोर ताणलेला, मनगट काळंनिळं. तिच्या एकटीच्याने खंडू वर ओढवत नव्हता. माणसं जमली होती आणि खंडूचा चुलता काष्टा खोचून आत उतरायच्या बेतात होता, एक पाय आत गेलासुद्धा होता.

"कोणी उतरायचं नाही," हेडमास्तर म्हणाले.

चुलत्याने वर पाहिलं. "का?"

आयुष्यभर हेडमास्तर ज्या शब्दाची वाट पाहत आले, तो त्यांना कोणी स्वतः होऊन विचारला होता. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "ओढा."

मी चुलत्याच्या दंडाला धरून त्याला मागे खेचलं. आठ-दहा हातांनी दोर धरला. गयाबाईला आम्ही सोड म्हटलं तर ती म्हणाली, "म्या न्हाई सोडनार. तुमी माज्या म्होरं धरा." खंडू वर आला तो पोत्यासारखा. तोंड निळसर पडलेलं, मान लोंबती. त्याला वाऱ्याला निजवलं, छातीवरचे कपडे सैल केले. हेडमास्तर त्याच्या उशाशी बसून उपरण्याने वारा घालत होते आणि मोठ्याने त्याचे श्वास मोजत होते, शाळेत पाढे म्हणवून घ्यावेत तसे. मधे एकदा मोजणं थांबलं. तेवढा वेळ कोणी हललं नाही. मग पुन्हा सुरू झालं.

बऱ्याच वेळाने खंडूने डोळे उघडले आणि विचारलं, "बॅटरी?"

बॅटरी खाली होती. पेवाच्या तळाशी ज्वारीवर पडून ती जळत होती, कोणाला काही झालेलंच नाही अशी. माणसं खंडूला घरात घेऊन गेली तरी हेडमास्तर तोंडाशी उकिडवे बसून तिच्याकडे बघत राहिले.

संध्याकाळी आम्ही खंडूला भेटायला गेलो. तो खाटेवर उठून बसला होता आणि ओशाळला होता. म्हणाला, "गुरुजी, तुमीच सांगितलं ना, खराब हवेनं दिवा इझतो. म्हनून मी न इझनारा आनला."

"बरोबर आहे," हेडमास्तर म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "तुझं काही चुकलेलं नाही."

त्यांना कोणीच दोष देत नव्हतं, हेच त्यांना सोसत नव्हतं. गावाचं म्हणणं सरळ होतं. बॅटरी दाखवली म्हणून पेवाची आई रागावली, दोर होता म्हणून तिने माणूस परत दिला. दोन दिवस हेडमास्तरांनी कशाचंच कारण सांगितलं नाही. सावळा बिचारा मुद्दाम दोनदा "असंच असतं" म्हणून बघून आला. तिसऱ्या दिवशी ताट तसंच ठेवून ते उठू लागले, तेव्हा काकू म्हणाल्या, "अर्धं सांगितलंत म्हणून झालं ना हे? मग उरलेलं सांगून या. फक्त थोडक्यात सांगा, एवढं माझं ऐका."

मंगळवारी फळा बाहेर आला नाही. हेडमास्तर बाजारातून माणसांना घेऊन गयाबाईच्या पेवावर गेले. शनिवारीच बॅटरी सुतळीने वर ओढून पेव परत झाकलं होतं. हेडमास्तरांनी दगड काढवला आणि आधी पेटवलेली बॅटरी सुतळीने खाली सोडून परत वर घेतली. तिच्या सेलमधला मसाला संपत आला होता तरी ती जळत होती. मग तेलाचा दिवा सोडला. हातभर, दोन हात, तीन हात. तिथे ज्योत आखूड झाली, निळी झाली आणि गेली. "जिथे हा विझतो तिथे माणूस विझतो," ते म्हणाले. "बॅटरीला श्वास लागत नाही, म्हणून ती खोटी साक्ष देते. संपलं." त्यांचं इतकं छोटं व्याख्यान मी पूर्वी ऐकलं नव्हतं आणि इतकं चांगलंही नाही.

लोक वाकून पाहत होते. भर उन्हात, इतक्या जवळून, दिवा विझताना त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. मग गयाबाईने हात जोडले. तिच्या मागे सगळ्यांनी जोडले.

"आईला बॅटरी चालत न्हाई," ती म्हणाली आणि हेडमास्तरांकडे वळली. "व्हय ना, गुरुजी?"

सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. वीस वर्षं हा माणूस या एका वाक्याविरुद्ध ओट्यावर उभा राहिला होता. नाही म्हणाले असते, तर देवी पुन्हा गेली असती आणि तिच्याबरोबर दिवाही. खंडू समोरच उभा होता. दोराचा वळ त्याच्या काखेतून छातीवर आलेला, बंडीतून दिसत होता.

"नाही चालत," हेडमास्तर म्हणाले. "तेलाचाच लागतो. वातीचा."

परतताना हेडमास्तर माझ्या पुढे चालत होते. शाळेच्या दाराशी आल्यावर म्हणाले, "मास्तर, कारण त्यांना कळलं नाही. पण आता उतरणार कोणी नाही." या दोन वाक्यांतलं कुठलं त्यांना अधिक लागलं होतं, ते मला तेव्हा कळलं नाही. दोराचं कारणही त्यांनी मला पुढे एकदा सांगितलं, काकूंसमोर, अगदी हलक्या आवाजात. काही झालं की बाकीचे मदतीला धावतात, आणि धावायचं म्हणजे हातातलं टाकावं लागतं. आई टाकत नाही.

मी बी.ए. झालो ते वर्ष. आमच्या घरातला पहिला पदवीधर म्हणून वडिलांनी गावभर मला फिरवलं होतं. दुसऱ्याच दिवशी मी पेढे घेऊन हेडमास्तरांकडे गेलो. घरी काकू होत्या. त्यांनी पेढा हातात घेतला, मला पाटावर बसवलं आणि म्हणाल्या, "ते पेवावर गेलेत. त्यांच्याशिवाय गावात पेव उघडत नाही आता. दिवा सोडायचा मान त्यांचा." मी पाहत राहिलो तेव्हा म्हणाल्या, "जा, बघून ये. मला तर रोज बघावं लागतं."

पेव खंडूचंच होतं. तोंडाशी माणसं जमली होती. गयाबाई आता थकली होती. दोराचं टोक खंडूच्या बायकोच्या हातात होतं. हेडमास्तर अंगातला कोट काढून, दिव्याची सुतळी हातात घेऊन पुढे बसले होते आणि कपाळावर कोणीतरी कुंकू लावलेलं होतं. मी पाया पडलो. त्यांनी मान डोलावली, पण लक्ष पेवाकडे होतं. तोंड उघडून फार वेळ झाला नव्हता, आणि आतली हवा पालटायला वेळ लागतो. आरती नुकतीच संपत होती. टाळ्या थांबल्या. खंडू दोर बांधून घ्यायला पुढे झाला.

"झाली?" हेडमास्तरांनी विचारलं.

"झाली, गुरुजी."

"एवढ्यात? एकच?" त्यांनी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं. "अहो, गणपतीची राहिली. शंकराची राहिली. दत्ताची म्हणा. घाई कसली आहे तुम्हाला?"

माणसं एकमेकांकडे बघू लागली. शंकराची कोणाला सबंध येईना. तेव्हा हेडमास्तरांनी सुतळी माझ्या हातात दिली, दोन्ही हात मोकळे केले आणि अत्यंत बेसूर आवाजात, टाळ्या वाजवत, स्वतःच सुरुवात केली.